भावावर चोरीची केस झाली होती, रेकॉर्ड क्लिअर होतं का?

सातारची ताई: माझ्या लहान भावाला २०१९ मध्ये मोबाईल चोरीत आयपीसी कलम ३७९ (चोरी) खाली धरलं होतं, वकील म्हणाला गुन्हा कबूल कर लगेच सुटशील, त्याने केला, कोर्ट उठेपर्यंत शिक्षा आणि दंड झाला. आम्हाला वाटलं विषय संपला. आता चांगली नोकरी लागतेय तर कंपनी पोलीस व्हेरिफिकेशन मागतेय. पोरगं खरंच सुधारलंय हो. रेकॉर्ड पुसायला कुठे अर्ज करायचा?

कोर्टकचेरी: ताई, मोठ्या माणसाची शिक्षा रेकॉर्डवरून पुसायचा असा वेगळा कायदाच नाही आपल्याकडे. एजंट म्हणतात पैसे द्या नाव काढतो, अजिबात नादी लागू नका. शिक्षाच वरच्या कोर्टातून रद्द करून घ्यावी लागते. सेशन्स कोर्टात अपील ३० दिवसांत असतं, नंतर विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि गुन्हा कबूल केला असेल तर फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर का एवढ्यावरच अपील चालतं. फिर्यादी तडजोडीला तयार असेल तर हायकोर्ट बघा, २०२१ च्या रामगोपाल निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की गंभीर नसलेल्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावरही हायकोर्ट केस रद्द करू शकतं. खरं तर तेव्हाच वकिलाने प्रोबेशन ॲक्ट मागायला हवा होता, त्याच्या कलम ३ मध्ये ३७९ चं नाव घेऊन लिहिलंय की पहिल्याच वेळी समज देऊन सोडता येतं. वाईट वाटतं असं वाचलं की.

मनीषा_वकील: गुन्ह्याच्या तारखेला भावाचं वय काय होतं?

सातारची ताई: अठराला दोन महिने कमी होते. पोलिसांच्या कागदात एकोणीस लिहिलंय.

मनीषा_वकील: मग बाकी सगळं राहू द्या! जेजे ॲक्ट २०१५ (अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठीचा बाल न्याय कायदा) कलम ९, अल्पवयीन असल्याचा मुद्दा कधीही मांडता येतो, केस निकाली निघाल्यावरसुद्धा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट काढा, निकालाची सर्टिफाईड कॉपी घ्या. मान्य झालं तर कलम २४ खाली शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही आणि रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद पण आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्न कमी असेल तर फुकट मिळतो.

अण्णा६२: आणि तोवर कंपनीच्या फॉर्मवर खोटं "नाही" लिहू नका, लपवलेलं सापडलं तर त्यावरूनच काढतात. आधी वकिलाला फॉर्म दाखवा, मग भरा.