भूमिगत कोळसा खाणीवरील जमीन खचण्याची मोजणी : कोणती पद्धत निवडावी?

होटगी रोड : नमस्कार. आम्ही सोलापुरात रस्ते आणि प्लॉटिंगच्या मोजणीची कामे करतो. आता वणी परिसरातील एका भूमिगत कोळसा खाणीवर जमीन किती खचते, याची नियमित मोजणी करण्याचे काम येऊ घातले आहे. आपल्याकडे फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, पण खाणीचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही. पॅनेल (कोळसा काढण्यासाठी आखलेला खाणीचा भाग) सुमारे १२० मीटर खोल असून छताच्या आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब काढून छत कोसळू देण्याची पद्धत तेथे वापरली जाणार आहे. वर कापूस-तुरीची शेते आणि काही घरे आहेत. आमच्याकडे टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजणारे यंत्र), ऑटो लेव्हल (उंचीतील फरक मोजणारी दुर्बीण) आणि आरटीके जीएनएसएस (उपग्रहांच्या संकेतांवरून अचूक स्थान देणारे यंत्र) आहे. ड्रोन घ्यावा, की उपग्रहाच्या रडार प्रतिमांवर विसंबावे?

मुरूम : यंत्राआधी बेंचमार्क (उंची मोजण्यासाठीची पक्की खूण) कशात रोवणार, ते ठरवावे. काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते, हे सोलापूरकरांना घरांच्या भिंतींवरून ठाऊक आहेच. वणीकडेही तीच माती असल्याने वरवर रोवलेला मोजणीचा खांब ऋतूप्रमाणे खाली-वर होतो आणि तो फरक खाणीच्या माथी मारला जातो. म्हणून मोजणीचे खांब मुरूम किंवा खडक लागेपर्यंत नेऊन भोवतालच्या मातीपासून पाइपने वेगळे ठेवावेत. संदर्भ बेंचमार्क पॅनेलच्या कडेपासून किमान खोलीइतके, म्हणजे १२० मीटर तरी बाहेर असावेत, कारण खचण्याचा परिणाम कडेच्या बराच पलीकडे पोहोचतो. मोजणीच्या रेषेवरील खांबांत खोलीच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे सहा मीटर अंतर ठेवावे. खाणीतील कोळशाचे खांब काढण्यापूर्वीची पहिली मोजणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा मिळाली, तर मातीची स्वतःची हालचाल किती ते वेगळे कळेल.

उंचीसाठी लेव्हलिंगच (ऑटो लेव्हलने मोजणी) करावे. आरटीकेला उभ्या दिशेत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. जमीन मीटरभर खचली तर ते चालेल, परंतु घरांच्या बाबतीत चालणार नाही. घराला तडे जातात ते मुख्यतः जमीन असमान खचून कलल्यामुळे आणि ताणली गेल्यामुळे, म्हणून खांबांमधील आडवी अंतरेही टोटल स्टेशनने दर वेळी मोजावीत. ड्रोनला पिकाचा शेंडा दिसतो, जमीन नव्हे.

निवृत्त मोजणीदार : रडारविषयी थोडे. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळतात, पण त्याची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर असल्याने उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये जमीन वेगाने खचली की गणित कोलमडते, आणि उभ्या पिकात संकेतांचा मेळ बसत नाही. जुलै २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या निसार या रडार उपग्रहाचा एल-बँड (अधिक लांब तरंग) पिकातून अधिक चांगला निभावतो. परिसरातील संथ खचणे शोधण्यासाठी रडार जरूर वापरावे, मात्र नुकसानभरपाईच्या वादात लेव्हलिंगची वहीच पुढे करावी.

होटगी रोड : मनःपूर्वक आभार. शेजारी उथळ, जुन्या गॅलऱ्याही (खाणीतील बोगदे) आहेत, असे कळते. त्यांवरही हीच रेषा न्यावी का?

मुरूम : न्यावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसला एक घर अचानक जमिनीत गेले. असे खड्डे उथळ पोकळीचे छत ढासळत वर आले की पडतात आणि महिन्याच्या मोजणीत बहुधा आधी दिसत नाहीत. तेथे जुने खाण-नकाशे आजच्या नकाशावर बसवून, संशयाच्या जागी बोअर घेऊन पोकळी तपासावी. हे काम करारात स्वतंत्र बाब म्हणून आताच लिहून घ्यावे, कारण लेव्हलिंगच्या दरात ते बसणार नाही.