आपल्या भुतांना ‘एन्टिटी’ म्हणायचं का?

पडवीतला:
मे महिन्यात आमच्या गावच्या बंद घरात (देवगड तालुका, एवढंच सांगतो) पुण्याची चार पोरं भुतं शोधायला आली होती. एका रात्रीचं भाडं मिळतंय म्हणून काकांनी होकार दिला, आणि सोबतीला मला बसवलं.

पोरं गोड होती. पण ती भाषा! माजघरात जरा गार लागलं की ‘कोल्ड स्पॉट’. रिकाम्या खोलीत रेकॉर्डर लावून प्रश्न विचारायचे आणि मागाहून त्या खरखरीत उत्तर शोधायचं, ते ‘ईव्हीपी’. फोटोत पांढरा गोळा आला की ‘ऑर्ब’. तीच पावलं, तोच जिना, रोज त्याच वेळी, म्हणजे टेप लागल्यासारखं घडत असेल तर ‘रेसिड्युअल’. आणि विचारलेल्याला उत्तर देत असेल तर ‘इंटेलिजन्ट’. जे कुणी असेल ते सगळं ‘एन्टिटी’.

मागीलदारी फणसाखाली देवचाराची, आमच्याकडच्या राखणदाराची, जागा आहे. आई अवसेला तिथे विडी ठेवते. त्या पोरांतल्या एकाने तिथे, भूत असलं की दिवे लागतात म्हणे, असा मीटर धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, ‘इथे एक मेल एन्टिटी आहे, बहुधा निगेटिव्ह.’ आई शेजारीच उभी. मला विचारते, काय म्हणतो रे तो? मी म्हटलं, काही नाही, फणस छान आहे म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच. मुंजा म्हटलं की पोराची मुंज झालेली आणि सोडमुंज राहिलेली, हे कळतं. गिऱ्हा म्हटलं की पाणी आलं, कुणीतरी बुडालेलं आलं. समंध म्हटलं की घर, पैसा, वारस नसणं, सगळं एका शब्दात. आपल्याकडे भुताचं नाव त्याचं काय राहून गेलं यावरून पडतं. तिकडे मीटरचा कितवा दिवा लागला यावरून. मग आपण आपले शब्द का टाकायचे?

फ्यूज_गेला:
दोन्हीकडचे शब्द टाका, हे माझं उत्तर. पण आधी एक सांगा, इन्व्हर्टर कुठे आहे? तो मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो. जुनी वायरिंग, इन्व्हर्टर, पंपाची केबल, खिशातला मोबाईल, सगळ्याला तो पेटतो. भुताला पेटतो हे अजून कुणी दाखवलेलं नाही. ऑर्बचं तर विचारूच नका. फ्लॅश भिंगाला चिकटून असला की समोरचा धुळीचा कण उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोळा होऊन बसतो. मे महिन्यात, लाल मातीच्या गावात, वर्षभर बंद घरात धूळ नसेल तर मात्र मी भूत मानेन.

ईव्हीपीची एक गंमत. अशीच एक क्लिप मला आली होती, खाली ठळक अक्षरांत ‘निघून जा’. मी ती अक्षरं झाकून घरच्या पाच जणांना ऐकवली. एकाला ‘आई’ ऐकू आलं, एकाला ‘काय रे’, दोघांना काहीच नाही. आजी म्हणाली, ‘रातवा ओरडतोय, त्यात काय ऐकायचं?’ रातवा म्हणजे तो संध्याकाळनंतर वाटेवर बसणारा पक्षी. या प्रकाराची सुरुवातही पक्ष्यांपासूनच आहे. १९५९ साली फ्रीडरिश युर्गेनसन नावाचा स्वीडनमधला माणूस पक्ष्यांचे आवाज टेप करत होता, त्यात त्याला माणसांचे आवाज सापडले. त्याच्याकडे आमची आजी नव्हती.

पडवीतला:
इन्व्हर्टर बाहेरच्या खोपीत आहे. पंपाची केबल फणसाखालून जाते. हसू नका.

वेशीपलीकडे:
देवचाराक भूत कोणी म्हटल्यान? तो राखणदार. रातचो कोण वाट चुकलो तर काठी आपटीत पुढे चालता, घरापर्यंत पोचवता. पाठी वळान बघूचा नाय, इतक्याच. आरवलीच्या वेतोबाक लोक चामड्याच्या वहाणा वाहतत, तो रातचो गावात फिरता म्हणान त्या झिजतत. तुमच्या त्या इंग्रजी यादीत ह्येका खय बसवशात?

आणि आमची आचऱ्याची गावपळण झाली की छापून येता ‘भुतांचो गाव’. अरे बाबांनो, रामेश्वराचो कौल घेवन आमी गाव सोडतंव. तीन दिस, तीन राती. गुरा, कोंबडी, कुत्री सगळी घेवन वेशीभायर झोपडेत ऱ्हवतंव, गजाली मारतंव. लग्नात येत नाय तेवढी मजा येता. मागे गावात कोण येता-जाता ता आमी बघूक जात नाय. तुमीय कॅमेरो घेवन जाव नकात.

नाईट_व्हिजन:
त्या चौघांतला मी नाही, पण असल्या रात्री काढल्या आहेत, म्हणून बाजू मांडतो. हे शब्द मिरवायला नाहीत. मालवणच्या माणसाने आणि लंडनच्या माणसाने आपापली टिपणं शेजारी ठेवली तर दोघांना एकच कळावं, म्हणून आहेत. लंडनमध्ये या गोष्टी तपासायला १८८२ पासून एक सोसायटी आहे, हा कालचा खेळ नाही. आमच्यात ‘डिबंक’, म्हणजे साधं कारण शोधून भूत खोडून काढणं, हाही शब्द आहे. कौलांवर पावलं वाजली की आम्ही आधी कांडेचोर (रात्री फिरणारं मांजरासारखं जनावर) शोधतो, आणि बहुतेकदा तोच सापडतो.

‘पोल्टरगाईस्ट’ म्हणजे जर्मनमध्ये आदळआपट करणारं भूत. आपली भानामतीच की! आणि तुमच्या देवळातला कौल, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही, यात आणि आमच्या मीटरवरच्या ‘यस-नो सेशन’मध्ये काय फरक आहे ते मला सांगा.

वेशीपलीकडे:
फरक असा. कौल देवाक लावतत, मीटराक नाय. आणि देवान नाय म्हटल्यान तर काम थांबता. तुमका मीटरान नाय म्हटल्यान तर तुमी ऱ्हवशात थांबान?

फ्यूज_गेला:
भानामतीचा विषय निघालाच आहे तर, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी उघडकीला आणलेल्या घटनांत कपडे पेटवणारं, दगड मारणारं बहुतेकदा घरातलंच कुणीतरी निघालं, ज्याचं घरात कुणी ऐकत नव्हतं. आणखी एक. ‘उतारा’ म्हटलं की शिकलेला माणूस हसतो, ‘क्लीन्सिंग’ म्हटलं की तोच पाकीट काढतो. भूत काढतो म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शब्द बदलून गुन्हा बदलत नाही.

माहेरवाशीण:
मूळ लेखकाला विचारते, ‘काय राहून गेलं यावरून नाव’ हे इतकं गोड आहे का?

माझी आत्या बाळंतपणात गेली, माझ्या जन्माआधी. घरात तिचा फोटो नाही. तिन्हीसांजेला विहिरीकडे जायची बंदी होती, कारण तिथे ‘अलवंत’. ही अलवंत म्हणजे आपली आत्या, हे मला बाराव्या वर्षी कळलं. तिला नेताना वाटेभर राळे टाकले होते, वेचत बसावी, घरी परतू नये म्हणून. ती गेली रक्तस्रावाने. खाडीपलीकडे दवाखाना होता आणि रात्री होडीची तर बंद होती. त्या तरीला कुणी नावं ठेवली नाहीत.

अलवंत, हडळ, जखीण. मोजा, बाईच्या किती मरणांना आपण शब्द केले आहेत. मला ‘एन्टिटी’ चालेल. तिला जात नाही, विटाळ नाही.

पडवीतला:
दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. मी मुंजा आणि देवचार डोक्यात ठेवून लिहीत गेलो. बायकांच्या भुतांपर्यंत पोचलोच नाही, हे खरं.

तरी एक बोलतो. एन्टिटीला जात नाही तशी ती कुणाची आत्याही नाही. ‘अलवंत’ शब्द होता म्हणून बाराव्या वर्षी का होईना, तुम्ही तिच्यापर्यंत पोचलात.

माहेरवाशीण:
शब्दामुळे नाही. शेजारच्या काकू चुकून बोलल्या म्हणून पोचले.

जुनी_दप्तरं:
थोडं इतिहासाचं. कोकणातल्या भुतांची ही नावं एकत्र छापली गेली १९१५ साली, एन्थोवेन या अधिकाऱ्याने संकलित केलेल्या टिपणांत. माहिती आधी गोळा केली होती जॅक्सनने. होय, तोच, १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळी घातली तो कलेक्टर. आणि मूळ लिहून पाठवणारे कोण, तर गावोगावचे शाळामास्तर. तेव्हा ‘आपले शब्द’ म्हणताना हेही लक्षात असू द्या की हे मास्तरांच्या कानांवर आलेले शब्द आहेत. मेलेला कुठल्या जातीचा यावरून भूत कोणतं, ही विभागणी त्यात आहेच. बाईंचा मुद्दा मला पटतो.

फ्यूज_गेला:
मी एक शब्द मात्र वाचवेन, चकवा. २००९ साली छापून आलेल्या एका प्रयोगात जर्मनीत माणसांना जंगलात सरळ चालायला सांगून मागोवा घेतला होता. ऊन असताना जमलं. आभाळ भरलेलं होतं तेव्हा लोक गोल गोल फिरले, आपण सरळच चाललोय अशा खात्रीने, आणि आपलीच वाट ओलांडून पुढे गेले. म्हणजे चकवा लागतो. लावणारा कुणी नाही, एवढंच.

वेशीपलीकडे:
मगे आजो काय सांगी? चकवो लागलो की खाली बस, उजाडापर्यंत हलां नको. जर्मनीक कित्याक जावक होया?

नाईट_व्हिजन:
हे टिपणात घेतलं. शब्द ‘चकवा’च ठेवतो, यापेक्षा बरा आमच्याकडे नाही.

पडवीतला:
ती पोरं दिवाळीत पुन्हा येतायत. या वेळी पंप बंद ठेवणार आहे. आईने त्यांना निरोप धाडलाय, येताना विडीचं बंडल आणा, निगेटिव्ह असो की पॉझिटिव्ह, त्याला तीच लागते.

वेशीपलीकडे:
खयची विडी ता इचारून घ्या. आमचो दुसरी घेणा नाय.