जुन्या संगणकावर कुलूप दिसते, नव्यावर दिसत नाही : ब्राउझर बदलावा का?

हिशेबनीस, शिवाजी उद्यमनगर

नमस्कार. उद्यमनगरातील एका लहान फाउंड्रीचे हिशेब मी पाहतो. कार्यालयात दोन संगणक आहेत. जुना विंडोज ७ चा असून तो मुळात स्पेक्ट्रोमीटरसाठी घेतलेला आहे. नमुन्यात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती आहे ते सांगणारे त्या यंत्राचे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो काढता येत नाही. चाचणीचे अहवाल ग्राहकांना त्यावरूनच ईमेलने जातात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे जीएसटीच्या विवरणपत्रावर डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीने, सही करावी लागते; त्या सहीचे टोकनही (पेनड्राइव्हसारखे यूएसबी उपकरण) तिथेच लावलेले असल्याने बँकेची कामेसुद्धा हळूहळू त्यावरच होऊ लागली आहेत. दुसरा लॅपटॉप नवा आहे, परंतु तो फारसा कोणी उघडत नाही.

दोन्हीकडे क्रोम आहे. जुन्यावर पत्त्याच्या डावीकडे कुलूप दिसते, लॅपटॉपवर त्या जागी दोन आडव्या रेघा आणि त्यांवर दोन गोल असे काहीसे चिन्ह आहे. त्यामुळे जुना संगणकच अधिक सुरक्षित, असा आमच्या कार्यालयात समज झाला आहे. मात्र जुन्यावर क्रोम उघडताच वरच्या बाजूला एक पट्टी येते, जी प्रत्येक जण फुलीवर टिचकी मारून घालवतो, आणि उजव्या कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस सापडला आहे’ अशा सूचना दिवसभर येत राहतात. मालकांचे म्हणणे असे की क्रोमच बिघडले आहे, ते काढून फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह टाकावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संगणक दुरुस्ती, राजारामपुरी

आपल्याकडचा समज नेमका उलटा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीपासून गूगलने ते कुलूप स्वतःहून काढले, कारण कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ खात्रीचे असे लोक धरून चालत होते. आपला संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढाच त्या कुलपाचा अर्थ होता; पलीकडे बसलेला माणूस बँकेचा आहे की भामटा, हे ते कधीच सांगत नव्हते, कारण कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळते. तेव्हा जुन्या संगणकावर कुलूप दिसते ते तिथले क्रोम जुने राहिले आहे म्हणून.

वरची पट्टी फुलीने घालवण्यापूर्वी एकदा वाचावी. यापुढच्या अपडेटसाठी विंडोज १० किंवा त्यापुढची विंडोज लागेल, असे ती सांगत असावी. तीन टिंबांच्या मेनूतून ‘मदत’ आणि तिथून ‘गूगल क्रोमविषयी’ उघडले, तर आवृत्तीचा आकडा बहुधा १०९ ने सुरू होताना दिसेल. विंडोज ७ वर चालणारे ते शेवटचे क्रोम, जानेवारी २०२३ चे. खुद्द विंडोज ७ ची सर्वसाधारण दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली होती. पाया खचलेल्या घराला दार बदलून भागत नाही, तसेच येथे आहे: ब्रेव्ह, एज, ऑपेरा, विवाल्डी ही सगळी क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच मूळ सांगाड्यावर, बांधलेली असल्यामुळे त्यांच्या नव्या आवृत्त्याही विंडोज ७ वर चालत नाहीत. फायरफॉक्सने ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी पुढेही बरेच दिवस दुरुस्त केली हे खरे, पण त्यामुळे खालची विंडोज दुरुस्त होत नाही.

कोपऱ्यातल्या सूचना व्हायरसच्या असतीलच असे नाही. कोणत्या तरी संकेतस्थळाने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि कोणीतरी ‘अनुमती द्या’ दाबले, की तो व्यापार सुरू होतो. सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षितता’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात नोटिफिकेशन उघडावे. अनोळखी नावांची यादी दिसेल, ती सगळी काढून टाकावी. सूचनेवर टिचकी मारून ‘व्हायरस साफ’ करायला मात्र कोणीही जाऊ नये.

माझा सल्ला असा की स्पेक्ट्रोमीटरच्या संगणकाची इंटरनेटची वायर आजच काढावी. यंत्राला इंटरनेट लागत नाही, अहवालाला लागते. अहवालासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवून तो लॅपटॉपवर तपासावा आणि ईमेल तिथून करावा. बँक आणि जीएसटी तर लॅपटॉपवरच. एवढे झाल्यावर ब्राउझर कोणता, हा प्रश्न जवळपास उरत नाही.

संगणकशास्त्राचा विद्यार्थी, सागरमाळ

वायर काढण्याच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत, पण शेवटचे वाक्य मला पटत नाही. लॅपटॉपवरसुद्धा ब्राउझर निवडावाच लागतो.

एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती वाचता येऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या प्रक्रियेत कोंडून ठेवण्याची सोय क्रोमने २०१८ मध्ये संगणकांवर सर्वांसाठी सुरू केली. फायरफॉक्सला त्यासाठी २०२१ उजाडले. या बाबतीत क्रोमियमची बाजू पूर्वीपासून भक्कम आहे, आणि फायरफॉक्सचे चाहते हे सहसा सांगत नाहीत. दुसरीकडे, बहुतेक सगळे ब्राउझर एकाच इंजिनवर (पान उघडून दाखवणाऱ्या गाभ्यावर) चालू लागले की एका चुकीचा फटका सगळ्यांना बसतो. त्यातही वेगळे इंजिन म्हणजे पूर्ण संरक्षण असे समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उघडणाऱ्या लिबवेबपी या भागात गंभीर दोष सापडला, तेव्हा तोच भाग वापरणाऱ्या क्रोमला आणि फायरफॉक्सला, दोघांनाही तातडीने दुरुस्ती काढावी लागली. ज्यांनी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला त्यांना ती मिळाली. महिनाभर टॅब उघडे ठेवणारे मागे राहिले.

माझ्या मते अधिक धोका एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, असतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने दुसऱ्याला विकले आणि त्यात घातक भाग आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले. वापरणाऱ्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते. याला अपवाद मी जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनचा करतो, कारण शोधाच्या निकालात वर येणाऱ्या जाहिरातींतूनच लोक बनावट पानांवर पोचतात. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेनेही डिसेंबर २०२२ मध्ये असा ब्लॉकर वापरण्याची सूचना केली होती. यूब्लॉक ओरिजिन हा असाच ब्लॉकर फायरफॉक्सवर पूर्ण क्षमतेने चालतो, तर क्रोमने त्या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने २०२४ पासून बंद करत आणली. म्हणून लॅपटॉपवर दोन ब्राउझर ठेवावेत: बँक आणि सरकारी पोर्टलसाठी एज किंवा क्रोम, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, बाकी सगळ्या शोधाशोधीसाठी यूब्लॉक ओरिजिनसह फायरफॉक्स.

निवृत्त बँक कर्मचारी, ताराबाई पार्क

बँकेचे पान शोधून उघडण्याची सवय सोडावी, हे वरच्या मुद्द्याला जोडतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, नागरी सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. आपल्या बँकेचा तसा पत्ता शाखेतून खात्री करून घ्यावा आणि बुकमार्क करून ठेवावा. पतसंस्था या बँका नसल्यामुळे त्यांना ही खूण लागू नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांची खाती घरोघरी असल्याने हे मुद्दाम लिहिले.

आणखी एक. जुन्या क्रोममध्ये बँकेचा पासवर्ड साठवलेला असेल आणि त्या संगणकाला विंडोजचा पासवर्ड नसेल, तर खुर्चीत बसणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. तो तिथून पुसावा आणि लॅपटॉपवरून लगेच बदलावा. खात्यात अनोळखी व्यवहार आढळल्यास बँकेबरोबरच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर त्वरित कळवावे.

हिशेबनीस, शिवाजी उद्यमनगर

सर्वांचे आभार. पट्टी वाचली, मजकूर तोच आहे आणि आवृत्ती १०९ च निघाली. नोटिफिकेशनच्या यादीत चित्रपट फुकट दाखवणाऱ्या संकेतस्थळांची नावे सापडली, त्यामुळे रात्रपाळीत संगणक कशासाठी वापरला जातो हेही समजले. टोकन लॅपटॉपवर चालेल का, की नवे घ्यावे लागेल?

संगणक दुरुस्ती, राजारामपुरी

नवे घ्यावे लागत नाही. सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्येच असते, संगणकात नसते. ज्या कंपनीचे टोकन आहे तिचा ड्रायव्हर तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, आणि जीएसटी पोर्टलवर दिलेले ईएमसाइनर हे सही करण्याचे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवावे. टोकनचा पिन मात्र आधी विचारून ठेवावा; तो अनेकदा चुकीचा टाकल्यास टोकन लॉक होते, आणि मग विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला धावपळ होते.