वेल्ह्यातला फिल्टर आणि पुढची बॅच
परदेशी कॉलेजची पोरं आपल्या गावांत मदतीचे प्रोजेक्ट करायला दोन आठवडे येतात, फोटो काढतात नि जातात, म्हणून असे प्रोजेक्टच बंद करा, असं काही जण म्हणतात. त्यातलं पहिलं बरंचसं पटतं, पण प्रोजेक्टच बंद करा हे नाही पटत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही अशाच पोरांसोबत वेल्ह्याकडच्या एका वाडीत पाण्याचा फिल्टर बसवला, पावसाळ्यात गढूळ पाण्याने त्यातलं कार्ट्रिज (पाणी गाळणारा, बदलायचा भाग) चोंदलं आणि तसलं कार्ट्रिज अख्ख्या पुण्यात मिळेना. एका मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलेलं, "बिघडलं तर कुणाला सांगायचं बाळा?" कुणाकडेच उत्तर नव्हतं, अजून डोक्यातून जात नाही ते.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून एपिक्स (EPICS) नावाचा, विद्यार्थ्यांनी समाजासाठी इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट करायचा कार्यक्रम चालतो, त्यात अभ्यासक्रमाचे क्रेडिट मिळतात आणि सेमिस्टर संपलं तरी काम थांबत नाही, जुनी पोरं नव्यांच्या हातात देऊन जातात. आपल्या कॉलेजांनी आधी एवढं तरी उचलावं.