शब्दचर्चा : घासलेट, चिमणी, गॅसबत्ती म्हणजे नेमका कुठला दिवा?

विचारणा

१९०० ते १९३० या काळातली मराठी पत्रं आणि घरखर्चाच्या वह्या यांना टिपा लिहायचं काम चालू आहे. दिवाबत्तीचे शब्द त्यांत फार सरमिसळ येतात : घासलेट, रॉकेल, चिमणी, कंदील, डिटमार, किटसन, गॅसबत्ती. घासलेट आणि रॉकेल एकच का? चिमणी म्हणजे काच की अख्खा दिवा? आणि 'गॅसबत्ती' दिसली की सरसकट 'पेट्रोमॅक्स' अशी टीप दिली तर चालेल का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : चालणार नाही. त्यावर कुणी सविस्तर लिहीलच, मी तेलापासून सुरुवात करतो.

घासलेट आणि रॉकेल हे एकच तेल. 'रॉकेल' हे इंग्रजी 'रॉक ऑइल'चं मराठी रूप, म्हणजे खडकातलं तेल. 'पेट्रोलियम' या लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. म्हणून 'रॉकेल तेल' म्हणणारा तेल दोनदा म्हणतो, पण ते आता इतकं रुळलंय की चूक काढण्यात अर्थ नाही. 'घासलेट'ची प्रचलित व्युत्पत्ती 'गॅसलाइट'पासून. मुंबईत १८६०च्या दशकातच रस्त्यांवर कोळशाच्या गॅसचे दिवे आले होते, त्यामुळे नव्या तऱ्हेच्या उजेडाचं नाव लोकांच्या तोंडी आधीच होतं. मागून हे तेल आलं आणि नाव त्याला चिकटलं. गुजरातीतही 'घासलेट'च म्हणतात, तेव्हा शब्दाची टांकसाळ मुंबईची असावी असं मला वाटतं. 'घासतेल' हे त्याचंच पुढचं लोकरूप, 'लेट'चा अर्थ लागेना म्हणून 'तेल' करून घेतलेलं. विदर्भाकडच्या कागदांत 'मातीचं तेल' मिळेल, तो हिंदीचा शेजार.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हे शब्द शोधत बसू नका. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, तेव्हा हे तेल इथल्या बाजारात आलेलंच नव्हतं.

प्रतिसाद

वरच्यात एक महत्त्वाची भर. वहीत घासलेट आणि दिव्याचं गोडं किंवा कडू तेल अशा दोन वेगळ्या नोंदी असतील, तर ती पुनरुक्ती समजू नका. समई, पणती, निरांजन यांत घासलेट चालतच नाही. करडई, करंज, उंडी, एरंडेल ही तेलं दाट. ती वातीतून सावकाश चढतात आणि उघड्या ताटलीत असली तरी वातीच्या टोकालाच जळतात. घासलेट पातळ, वातीतून भराभर चढतं, त्याची वाफ लवकर होते. उघड्या पणतीत ते घातलं तर दिवा तापल्यावर वातीची ज्योत तेलाच्या सबंध पृष्ठभागावर पसरू शकते. शिवाय त्याला नीट जळायला हवेचा जोराचा ओढा लागतो, तो नसला की नुसता धूर.

म्हणून या तेलाबरोबर भांडंही नवं आलं : बंद टाकी, वात धरणारा बर्नर आणि वर काच. जुन्या दिव्यांची नावं जुन्या तेलाबरोबर देवघरात राहिली, नव्या भांड्यांना नवी नावं पडली. टिपेत दिव्याचं नाव आणि तेलाचं नाव जुळतंय की नाही एवढं तपासलंत तरी निम्मे गोंधळ मिटतील.

प्रतिसाद

चिमणीबद्दल. दोन्ही अर्थ आहेत, संदर्भ बघावा लागतो.

(१) काच. 'चिमणी तडकली', 'चिमणी पुसून ठेव', 'चिमण्या अर्धा डझन' असं असेल तर ती दिव्यावरची काचेची नळी. हा उघडच इंग्रजी शब्द.

(२) अख्खा दिवा. छोटी बंद पत्र्याची डबी किंवा शाईची बाटली, झाकणातून वर आलेली बारीक नळी, नळीत सुती दोऱ्याची वात. गंमत अशी की या दिव्याला काच नसतेच. मग नाव कुठून? काहींच्या मते काचेच्या दिव्याचं नाव त्याच्या गरीब भावाला लागलं. काही जण 'चिमणा' म्हणजे लहान यावरून लावतात. मला दुसरं जास्त पटतं, पण त्यासाठी हातात पुरावा म्हणाल तर फक्त दिव्याचा आकार.

दुसऱ्या अर्थाची चिमणी असेल तर मजकुरात बहुधा काजळी, कोनाडा, काळी पडलेली भिंत यांपैकी काहीतरी येतंच. काच नाही, म्हणून हवेचा ओढा नाही. ज्योत पिवळी आणि धुरकट. झाकण सैल असलं की डबी तापून नळीच्या बुडाशी वाफ पेट घेते, आणि डबी हलकी असल्याने धक्क्याने लवंडते. त्या काळच्या भाजण्याच्या आणि घर पेटल्याच्या बातम्यांत 'चिमणी पडून' हे कारण आलं तर ती हीच.

उपप्रतिसाद

'चिमणा'वाली व्युत्पत्ती मला ओढूनताणून वाटते. टेंभा, पलिता, दिवटी यांपैकी कशालाच आकारावरून लाडाचं नाव नाही. इंग्रजी शब्द आधी काचेला, मग काचेच्या दिव्याला, मग घासलेटच्या कुठल्याही छोट्या दिव्याला, असा क्रम सरळ लागतो. टिपेत दोन्ही शक्यता द्या.

प्रतिसाद

आता कंदील. हा शब्द घासलेटच्या कितीतरी आधीचा, अरबी 'किंदील'वरून आलेला, आणि त्याचं मूळ लॅटिन 'कँडेला'पर्यंत जातं. त्यामुळे आकाशकंदील आणि घासलेटचा कंदील यांत फक्त झाकलेला, टांगता उजेड एवढंच साम्य. विसाव्या शतकात नुसतं 'कंदील' म्हटलं की वाऱ्यात न विझणारा, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या नळ्या असलेला दिवा समजावा. अमेरिकेतला डिट्झ आणि व्हिएन्नाचा डिटमार ही कारखान्यांची नावं. त्यांतलं 'डिटमार' मराठीत जवळजवळ जातिवाचक नाम झालं. मात्र 'डिटमारचा दिवा' हा बरेचदा टेबलावर ठेवायचा किंवा भिंतीला टांगायचा काचेचा दिवा असतो, हातात धरायचा कंदील नव्हे. दोन्हींची एकच टीप करू नका.

क्रियापदंही बघा, ती चुकीच्या टिपा पकडून देतात. वात 'चढवणे', 'उतरवणे', दिवा 'बारीक करणे', 'मोठा करणे' हे चावीच्या दिव्याचेच शब्द. समईची वात 'सारतात', चढवत नाहीत.

कामाची रीत अशी, कारण वह्यांत 'वाती', 'काच', 'कात्री' अशा नोंदी येतात. नवी वात आधी कोरडी शेकायची, ओली वात तेल ओढत नाही. टाकी काठोकाठ भरायची नाही, बोटभर जागा सोडायची. तेल घातल्यावर वात मुरायला पंधरा मिनिटं द्यायची. लगेच पेटवली तर तेलाऐवजी कापूसच जळतो आणि टोकाला कडक खरपी धरते. ही खरपी रोज काढायची. चपटी वात सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे, नाहीतर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काचेवर त्या दोन ठिकाणी काळे डाग पडतात. काच राखेने आणि कोरड्या फडक्याने पुसायची. ओली काच चढवली किंवा पेटवल्या पेटवल्या वात एकदम मोठी केली की काच तडकते. ज्योत तडतडली तर तेलात पाणी आहे असं समजायचं : टाकी ओतून कोरडी करायची आणि वात बदलायची. वातीच्या रुंदीप्रमाणे कंदील तासाला साधारण २० ते ४० मिलिलिटर तेल खातो, त्यावरून महिन्याचा खर्च वहीशी ताडून बघता येईल.

उपप्रतिसाद

१९१४ नंतरच्या वह्यांत काचा महाग झालेल्या दिसल्या तर नवल नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि जर्मनी शत्रुराष्ट्रं झाली आणि तिकडचा काचमाल बंद पडला. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८पासून होताच. कऱ्हाडजवळ ओगले काच कारखाना निघाला १९१६मध्ये, ऐन युद्धात. त्यांचा 'प्रभाकर' कंदील नंतरचा. म्हणून 'प्रभाकर' हे नाव वहीत दिसलं की तारीख युद्धानंतरची धरा.

तेलावरही युद्धाची झळ आली होती. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या, त्यात बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. तमिळमध्ये 'एम्डन' हा शब्द चलाख, बेरकी माणसाला लागला तो तेव्हापासून.

प्रतिसाद

गॅसबत्ती. एका शब्दाखाली निदान तीन वेगळे दिवे आहेत.

पहिला, कोळशाच्या गॅसचा. नळाने येणारा, खांबावरचा. मुंबईचा रस्ता, खांब, संध्याकाळी शिडी घेऊन फिरणारा दिवेवाला असा संदर्भ असेल तर हा.

दुसरा, कार्बाइडचा. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडतं, ॲसिटिलीन वायू निघतो, तो बारीक तोटीतून जळतो. वरात, जत्रा, सायकलचा दिवा इथे हा सापडतो. ओळखायची खूण म्हणजे लसणासारखा उग्र वास आणि 'खडे' किंवा 'पावडर' असा खर्च. एक किलो कार्बाइडमधून सुमारे ३०० लिटर वायू मिळतो. पाणी जास्त पडलं की वायू एकदम उसळतो आणि ज्योत भडकते. तोटीत चुन्याचा गाळ अडकला की ती एका बाजूला वाकडी जळते.

तिसरा, घासलेटचाच पण दाबाचा. इथे तेल नळीत तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जाळीत जळते, म्हणून 'गॅस' हा शब्द अगदीच चुकीचा नाही. यातला आधीचा म्हणजे किटसन. आर्थर किटसनची ही युक्ती १९०१ची : टाकी वेगळी, खाली ठेवलेली, दाबाखालचं तेल बारीक नळीने उंच टांगलेल्या दिव्यापर्यंत जायचं. दीपगृहांतही ती वापरली गेली. तमाशाचा फड, नाटकाचा मांडव अशा ठिकाणी किटसन शोभतो, घरात नाही. पेट्रोमॅक्स हा बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झचा, १९१०च्या सुमाराचा. १९०५च्या पत्रातल्या गॅसबत्तीला पेट्रोमॅक्सची टीप दिलीत तर ती सरळ चूक ठरेल.

खूण : 'पंप मारणे', 'हवा भरणे', 'पिन', 'स्पिरिट' हे शब्द आले की तिसरा दिवा. स्पिरिटच्या वाटीत एक-दीड मिनिट ज्योत देऊन नळी आधी तापवावी लागते. हे घाईत केलं तर तेल वाफ न होता तसंच जाळीवर येतं, पिवळा भडका उडतो आणि जाळी काळी पडते. हवा टिकत नसेल तर पंपाचं चामडं सुकलेलं असतं, त्याला तेलाचे दोन थेंब द्यायचे. उजेड फडफडत मंदावला तर तोटीत काजळी अडकलेली, पिन फिरवायची.

उपप्रतिसाद

'जाळी'लाच बाजारात 'मेंटल' म्हणतात. थोरियम आणि थोडं सेरियम यांच्या क्षारांत बुडवलेलं कापड ते. पहिल्यांदा पेटवल्यावर कापड जळून जातं आणि राखेचा सांगाडा तेवढा उरतो, म्हणून एकदा वापरलेली जाळी धक्का लागला की झडते. खर्चात 'मेंटल' वारंवार येतं ते यामुळेच, कुणाचा निष्काळजीपणा नव्हे. थोरियम मोनाझाइट वाळूतून काढतात. ती मुख्यतः ब्राझीलहून जर्मनीत जायची. १९०९मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं.

विचारणाकर्त्याची पुरवणी

आभार, बरंच सुटलं. एक राहिलं : 'घासलेट डबा १' यातला डबा किती मोठा? आणि 'रिकामा डबा' याची वेगळी किंमत का लिहिली असेल?

प्रतिसाद

चौकोनी पत्र्याचा, चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात यायचे. भरलेल्या डब्यातल्या तेलाचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास.

रिकाम्या डब्याला किंमत होतीच. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल (पुढे 'शेल' कंपनीचे संस्थापक) यांनी १८९२मध्ये 'म्युरेक्स' जहाजातून सुवेझमार्गे सुटं रशियन तेल पूर्वेकडे आणलं. गिऱ्हाइकाने भांडं स्वतःचं आणावं असा त्यांचा हिशेब होता. पण गिऱ्हाइकाला स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी कंपनीचा निळा डबाही हवा होता. शेवटी सॅम्युएलना पत्रा पाठवून इकडेच लाल डबे बनवावे लागले.

डब्याचं वरचं तोंड कापून, कडा आत दुमडून, आडवा लाकडी दांडा ठोकला की पाण्याचा डबा तयार. फक्त तो भरून १८ किलोचा होतो आणि दांड्याचे खिळे पत्रा फाडून निघतात, म्हणून खिळ्याखाली पत्र्याची चकती घालतात. धान्यासाठी ठेवायचा असेल तर आधी सोड्याच्या कढत पाण्याने दोनतीनदा धुऊन उन्हात उपडा ठेवायचा. उकलून सरळ केलेले पत्रे झोपडीच्या छपराला जायचे.

वहीत 'डबा डाग' अशी नोंद मिळाली तर ती कल्हईवाल्याकडून शिवण झाळून घेतल्याची. झाळण्याआधी गळतीच्या जागेपर्यंत डब्यात पाणी भरतात. आत घासलेटची वाफ राहिली तर झाळायच्या तापल्या लोखंडाच्या आचेने डबा फुटतो.