न्यू ऑर्लिन्स ‘अजून सावरलं नाही’ म्हणणारे उभे कुठे असतात?

बायूकाठचा

मागच्या महिन्यात ह्यूस्टनला एकांकडे जेवायला होतो. न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेले दोघं भेटले. एक म्हणाला, “कतरिना वादळाला वीस वर्षं झाली, तरी रिकामे प्लॉट आणि कमरेएवढं गवत. लोकांना काही करायचंच नाही.” दुसरा म्हणाला, “काहीतरीच काय! बोर्बन स्ट्रीटवर रात्री दोनला पाय ठेवायला जागा नव्हती.” पहिला लोअर नाइन्थ वॉर्ड या बुडालेल्या काळ्या वस्तीतून बसने फिरला होता, दुसरा फ्रेंच क्वार्टर सोडून हलला नव्हता. क्वार्टर नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. ऑगस्ट २००५ मध्ये शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हाही ते बहुतांशी कोरडं राहिलं. जे बुडालंच नाही ते बघून शहर सावरलं असं कसं म्हणायचं?

मी २००४ पासून बॅटन रूजला आहे, गाडीने सव्वा तासावर. माझं म्हणणं एवढंच, की बाहेरच्याला लोकांची सुस्ती दिसते, पण तो उशीर बराचसा कागदांनी केलेला आहे. ‘रोड होम’ नावाची सरकारी मदत होती. दुरुस्तीचा खर्च आणि वादळाआधीची घराची किंमत, यांतला जो आकडा लहान, त्यावर मदत ठरायची. तसंच लाकडी घर, तेवढंच नुकसान. पण काळ्या वस्तीत घराची किंमत मुळातच कमी, म्हणून चेक कमी. सुतार आणि छपराचे पत्रे काही वस्ती बघून स्वस्त होत नाहीत. खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं गेली होती आणि पोरांच्या शाळा ह्यूस्टन-अटलांटात सुरू झाल्या होत्या.

नाना_पाटबंधारे

अरे, भावना कळतात, पण आकडेही बघ. १९६० साली या शहराची वस्ती सव्वासहा लाख होती, २००० साली ४ लाख ८५ हजार. म्हणजे वादळाच्या आधीच चाळीस वर्षं गळती लागली होती. २०२० ला ३ लाख ८४ हजार. जे ओसरतच होतं ते पुन्हा भरेल कशाला? माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली. निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली, पाऊस पडला की पंपाने पाणी वर उपसायचं, हा वाडग्यातला संसार आहे. २००५ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती हॅस्टर्ट म्हणाले, तिथे पुन्हा बांधण्यात अर्थ दिसत नाही, तर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. वेळ वाईट निवडली, पण बोलणं एवढं चूक होतं का? आणि तेव्हाचा महापौर नेगिन लाचखोरीत दहा वर्षांची शिक्षा घेऊन आत गेला. सगळं खापर दिल्लीवर (म्हणजे वॉशिंग्टनवर) नको.

बायूकाठचा

नाना, तुम्ही त्या खात्यातले म्हणूनच विचारतो. पाणी कालव्याच्या पूरभिंतीवरून ओसंडायच्या आधी भिंतच सरकली, तर दोष पाण्याचा का? सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या दोन कालव्यांवर तेच झालं. २००६ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने आराखड्यातली चूक स्वतः कबूल केली. भरपाई मागायला जावं तर पुराच्या नुकसानीची जबाबदारी सरकारवर येऊ न देणारा १९२८ चा पूरनियंत्रण कायदा आडवा येतो. बाहेर मात्र अजून ‘निसर्गाचा कोप’च चालू आहे.

नाना_पाटबंधारे

भिंतीचं मान्य. मऊ मातीत शीट पाइल (भिंतीखाली जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे) आखूड ठेवणं अक्षम्यच. पण न्यू ऑर्लिन्स ईस्टमधली व्हिएतनामी वस्ती घे. तीही बुडाली, सरकार तेच. ते लोक आपल्या चर्चभोवती जमून काही महिन्यांत परतले. मग दोष फक्त मदतीच्या सूत्राचा कसा?

बायूकाठचा

मुद्दा बिनतोड आहे, पण लोअर नाइन्थमध्ये वीज आणि पिण्याचं पाणी सगळ्यात शेवटी आलं. दुसरं म्हणजे, तिथे भाडेकरूच जास्त असतील असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात स्वतःची घरं असलेले खूप होते. फक्त घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद कुणी केलेलीच नाही. सातबाऱ्यावर मयताचं नाव म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगायला नको. नावाचा कागद नाही, तर मदत नाही.

कुर्ल्याचा

कतरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. मी दीड दिवस छातीभर पाण्यातून घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीवर ‘मुंबईचं स्पिरिट’. कामावर गेलो, कारण पगार कापला जाणार होता. त्यामुळे कुणी ‘चिवट शहर’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. आळशी म्हणणारा परवडला.

सई_पुणे

लोअर नाइन्थ दाखवणाऱ्या तसल्याच बसमध्ये मीही होते, २०१६ ला, कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी. ब्रॅड पिटच्या संस्थेने बांधलेली रंगीत, तिरक्या छपरांची घरं दाखवली, सगळ्यांनी फोटो काढले. एका ओसरीवर बाई भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं आणि माझा फोन आपोआप खाली गेला. दोन वर्षांनी वाचलं, ती घरं गळतायत, लाकूड कुजतंय, रहिवासी कोर्टात गेलेत. मी काढलेल्या फोटोंत ती घरं अजून नवीकोरी आहेत.

नाना_पाटबंधारे

नंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर ओतून बंधारे नव्याने केले. २०२१ ला, बरोबर कतरिनाच्याच तारखेला, २९ ऑगस्टला, आयडा वादळ आलं. बंधारे टिकले, पण वीजवाहिन्या कोसळून अख्खं शहर अंधारात. मला सरळ सांग बाळा, तू तिथे घर घेतलं असतंस का?

बायूकाठचा

नाही. मी बॅटन रूजलाच घेतलं. माझ्या ऑफिसातल्या एकीने मात्र न्यू ऑर्लिन्सच्या जेंटिली भागात, लंडन अव्हेन्यू कालव्यापासून चार गल्ल्यांवर, आईचं बुडालेलं घर जॅक लावून वर उचलून घेतलं. आता दाराला आठ पायऱ्या आहेत. आई पाचवीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारून मग उरलेल्या तीन चढते.