पुण्याजवळ मुलांना ज्वालामुखी कुठे दाखवू? (वय ९ आणि ६)

सोनटक्का

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे. मागच्या आठवड्यात तिने कुठल्याशा व्हिडिओत आग ओकणारा डोंगर पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भाचा सहा वर्षांचा, तो तिचा शागीर्द. दोघांनी मिळून कुंडीत खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून माझी तुळस मारली. आता म्हणतात, "खोटा झाला, खरा दाखव."

आमच्या सोसायटीतले एक आजोबा ठासून सांगतात की पर्वती म्हणजे विझलेला ज्वालामुखी. जाऊबाई म्हणतात लोणारला जा, विवर आहे. नवरा अंदमानची विमानं बघत बसलाय, त्याला बसू दे. आमच्या हातात आहे फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार-रविवार, एक जुनी गाडी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण घरी थांबणार नाहीत. कुठे जावं? नुसतं "हा बघ काळा दगड" एवढ्यावर ही दोघं ऐकणार नाहीत. आणि प्रश्न मलाच विचारले जाणार, म्हणून मला आधी कळलं पाहिजे.

घाटमाथा

लोणार दोन दिवसांत लहान मुलांना घेऊन नको. बुलढाणा जिल्हा आहे तो, गाडीतच जीव जाईल. शिवाय ते ज्वालामुखीचं विवर नव्हेच. उल्का आदळून झालेला खड्डा आहे, पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यास. गंमत एवढीच की ती उल्का आदळली ती आपल्याच बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर. अंदमानचं बॅरन बेट मात्र खरं. भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी, १९९१पासून अधूनमधून धुमसतो. तुमच्या यजमानांना कळवा, तिथे मुक्कामाची सोय नाही.

परसभर

ताई, मी काही मास्तर नव्हे. सासवडकडे तीसेक वर्षं विहिरी खोदायची कामं घेतली. आधी यारीवर, पुढे बोअरच्या गाड्या आल्या तशी त्यांच्यावर. तेव्हा ज्वालामुखी मी वरून नाही, आत उतरून पाहिलाय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

विहिरीत वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाषाणाला सुरुंग लावून दोन-तीन परस खाली गेलं की पुन्हा मांजऱ्या. कधी मध्येच वीत-दीड वीत तांबडा पट्टा. नवा होतो तेव्हा मला कळेना, की एवढ्या कडक दगडाच्या पोटाखाली पुन्हा मऊ, भोकाभोकाचा दगड आला कुठून? भूजलाचं काम बघणारे एक साहेब यायचे, त्यांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट मला विचारलं, "घरी आंबोळ्या होतात का?"

आंबोळी तव्यावर पडली की बुडबुडे वर येतात. वरच्या अंगाला जाळी पडते, बूड घट्ट राहतं. लाव्हाचा एकेक लोट तसाच. तळाचा भाग सावकाश निवून घट्ट पाषाण झाला आणि वायूचे बुडबुडे वर जाऊन अडकले तो मांजऱ्या. त्यावर पुढचा लोट, पुन्हा घट्ट, पुन्हा जाळी. विहिरीत उतरताना आम्ही आंबोळ्यांची चळतच फोडत होतो. आम्हाला पाणी लागायचं तेही बहुधा जाळीत नाहीतर दगडाच्या भेगेत, घट्ट बुडात क्वचित.

म्हणून ताई, मुलांना डोंगराचं टोक दाखवू नका, ते नाहीच. इथे शंकूसारखा डोंगर होऊन तोंडातून आग निघाली असं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आज जेवढा उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात भरतो आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड हे सगळं त्या चळतीतलं झिजून उरलेलं. सोसायटीतले आजोबा चुकले, पण फार नाही. पर्वती ज्वालामुखी नाही, ज्वालामुखीने वाढलेल्या ताटातला शेवटचा घास आहे.

आता तुमचे दोन दिवस. माझं सांगणं एकच, ज्वालामुखी बघायला नेऊ नका, मोजायला न्या. दोघांना एकेक वही-पेन्सिल द्या. शनिवारी उजाडता उजाडता खडकवासल्याच्या बाजूने गाडी थांबवून सिंहगडाकडे बघा. तिरपं ऊन असतं, फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, डोंगरावर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. उभा कडा म्हणजे आंबोळीचं बूड, उतरती झाडोऱ्याची पट्टी म्हणजे जाळी. मोजा म्हणावं. युरोपातल्या उत्तरेकडच्या लोकांच्या भाषेत जिन्याला ट्रॅपा म्हणतात, त्यावरून या सगळ्याला दख्खन ट्रॅप नाव पडलं. मुलांना जिना बरोबर कळतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, गड तेराशेच्या आसपास. म्हणजे साडेसातशे मीटरचा जिना, आणि तोही वरच्या मजल्यांचाच.

सासूबाईंना घेऊन गाडी घाटरस्त्याने वर जाते. तुमच्यातलं कुणीतरी पोरांना घेऊन आतकरवाडीच्या वाटेने चढा, साहस तिथे भरपूर मिळेल. सहा वर्षांचा रडेल, पण चढेल. चढताना हात लावत जा. गुळगुळीत कातळ कुठे संपतो आणि भोकांचा दगड कुठे लागतो ते पोरांनीच सांगायचं. तांबडा पट्टा दिसला तर थांबा. दोन लोटांच्या मधे बराच काळ गेला की वरचा दगड कुजून माती व्हायची, मग पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. आमच्या बोअरला हा थर लागला की डोक्याला ताप, पाणी लागलं की ढासळतो, केसिंग, म्हणजे आधाराची नळी, घातल्याशिवाय सुटका नाही. पण शिकवायला याच्यासारखं काही नाही. ज्वालामुखीने घेतलेली सुट्टी आहे ती.

वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, मग देवटाक्यापाशी जा. टाकं घट्ट कातळात खोदलंय म्हणून पाणी टिकतं. जाळीत खोदलं असतं तर गळलं असतं. हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो, पुस्तकातून नाही. गडावर हातोडी मात्र नको.

रविवारी निघोजचे रांजणखळगे. नगर रस्त्याने शिरूर, तिथून आत. कुकडीच्या पात्रात पाण्याने गोटे गरगर फिरवून कातळाला रांजणाएवढाली भोकं पाडलीत. लाव्हा किती कठीण आणि पाणी किती चिवट, दोन्ही एका जागी दिसतं. आणि सासूबाईंना दोन दिवस झेपणार नसेल तर रविवारी जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. एका सलग कातळात आठव्या शतकात कोरलेलं, गाडीतून उतरलं की पोचलं. पोरांना एवढंच सांगा, आपण आत्ता लाव्हाच्या पोटात उभे आहोत.

खडीसाखर

काकांच्या पोस्टला एक पुरवणी. त्या जाळीतल्या भोकांत पुढे पाणी झिरपून स्फटिक वाढले, त्यांतली बरीचशी झिओलाइट नावाची खनिजं. पुण्याच्या आसपासचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट नावाचं निळं खनिज बघितलं नसेल तर फोटो तरी दाखवा, मोरपिसाच्या डोळ्याचा रंग. पण खाणीत मुलांना घेऊन जाऊ नका. सुरुंग, डंपर, कडेला सुटलेले दगड, आणि जागाही खासगी.

विकत घेताना सावध. मी एका पर्यटनाच्या ठिकाणी जांभळा गड्डा घेतला, चारशे रुपये मोजून. लेकाने रात्री तो अंघोळीच्या बादलीत टाकला आणि सकाळी बादली जांभळी, दगड पांढरा. रंगवलेला होता. तेव्हापासून आम्ही विकत घेत नाही. रस्त्याच्या कडेच्या खडीत पांढरे ठिपके शोधतो आणि त्यावर व्हिनेगर टाकतो. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर दुसरं काही. तुमच्या घरी व्हिनेगर उरलं असेलच.

कुकडीकाठ

निघोजला दहाच्या आत पोचा. काळा दगड तापला की अनवाणी पाय टेकवत नाही. खळग्यांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात, ओल्या जागी पाय सटकतो, आणि वरून उथळ वाटणारा खळगा आत किती खोल ते कळत नाही. लहानग्याचा हात सोडू नका. आमच्या गावात हे सांगायला कुणी उभं नसतं.

आणि एक, ज्वालामुखीची खरीखुरी राखही याच नदीवर आहे, वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात बोरीजवळ. आपल्या ज्वालामुखीची नव्हे. पार इंडोनेशियात सुमात्रा बेटावरच्या टोबाची राख वाऱ्याने येऊन इथे साचली. ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. उकरायला जाऊ नका, पण निघोजच्या पुलावर उभं राहून पोरांना हे सांगायला काय हरकत आहे?

सोनटक्का

काका, सगळं वाचून काढलं. आंबोळीचं तर आज सकाळीच प्रात्यक्षिक झालं, जळेपर्यंत. आता दोन प्रश्न लेकीकडून आलेत. एक, डायनोसॉर यातच मेले का? दोन, आता ती आग कुठे गेली?

परसभर

पहिल्याचं उत्तर मोठमोठ्यांना जमलेलं नाही. मेक्सिकोत चिक्शुलूबला प्रचंड उल्का पडली ती त्याच सुमारास. आपला लाव्हा त्याच्या आधी सुरू झालेला होता आणि नंतरही वाहत होता. कुणाचा दोष किती, यावर वाद चालू आहे. पुण्यात मात्र डायनोसॉरचं हाड शोधू नका म्हणावं. अंडी बघायची तर गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला, या लाव्हाच्याही खाली असलेल्या थरांत सापडलीत.

दुसरा प्रश्न पोरीने झकास विचारला. चूल जागेवर आहे, तवा सरकला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि खालून तप्त खडक वर येत होता. जमीन उत्तरेला सरकत इथवर आली, चूल मागे राहिली. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की ती आता मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिटों द ला फुर्नेझ अजून लाव्हा ओकतो. व्हिडिओ दाखवायचा तर त्याचा दाखवा, तो आपला नातेवाईक.

सोनटक्का

परत आलो. कळवायचं राहिलं होतं.

खडकवासल्याहून लेकीने सात पट्टे मोजले, भाच्याने अकरा. गाडीत तुंबळ युद्ध. काका, तुम्ही बरोबर आकडा सांगितला नव्हता हे आता लक्षात आलं, आणि ते मुद्दाम होतं असा माझा संशय आहे. आतकरवाडीच्या वाटेवर भाचा तीनदा बसला. चौथ्यांदा "पुढची आंबोळी कुठेय" म्हणत स्वतःच उठला. तांबडा पट्टा आम्हाला वाटेवर नाही सापडला. तो सासूबाईंना सापडला, गाडीतून, घाटातल्या एका वळणावर, आणि खाली उतरून त्यांनी सगळ्यांना तो पुन्हा नेऊन दाखवला. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत.

निघोजला पोचायला साडेअकरा झाले, चूक आमचीच, रांजणगावला दर्शनाच्या रांगेत अडकलो. दगड तापलेला होता, अर्ध्या तासात निघालो. तेवढ्यातही एका कोरड्या खळग्याच्या तळाशी गोल गोटे दिसले आणि लेक म्हणाली, "हे जात्याचे दाणे." मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर दोघं भिंग घेऊन स्वयंपाकघरात शिरले. सासूबाईंचा पाटा आहे, लग्नातला. त्याच्या एका कोपऱ्यात हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका. व्हिनेगर टाकलं, फसफसलं नाही. सासूबाई चाळीस वर्षं तो खोबऱ्याचा डाग समजून घासतायत.

परसभर

पाटा टाकवायला दिला तर टाकी लावणाऱ्याला तो कोपरा सोडायला सांगा.